अभ्यासभेट (खानदेशातील लोकविज्ञान)

अभ्यासभेट : गावाने पाणी, जंगल, शेती किंवा आरोग्य यांबाबत एकत्र येऊन उभे केलेले काम तिथे मुक्काम करून, करणाऱ्यांना विचारून आणि शक्य तिथे स्वतः हात लावून समजून घेण्याची रीत. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते आणि इतर गावांचे शेतकरी अशा भेटी देतात.

या रीतीमागे विज्ञान सामान्य लोकांपर्यंत नेणारी लोकविज्ञान चळवळ आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ मध्ये स्थापन झाली आणि १९७४ पासून तिने ‘सामाजिक क्रांतीसाठी विज्ञान’ हे ब्रीद घेतले. महाराष्ट्रात मराठी विज्ञान परिषद (१९६६) आणि लोकविज्ञान संघटना (१९८०) उभ्या राहिल्या. १९८७ चा भारत जनविज्ञान जथा (विज्ञानप्रसाराची यात्रा) देशभर फिरला. व्याख्याने, पथनाट्ये, पुस्तिका यांतून विज्ञान बहुधा शहरातून गावाकडे जात असे. अभ्यासभेटीत पाहुणा शिकायला जातो आणि गाव शिकवते. या नोंदीच्या लेखकाला चळवळीची हीच बाजू अधिक मोलाची वाटते, कारण खानदेशाकडे शिकवण्यासारखे पुष्कळ आहे.

सर्वांत जुने उदाहरण फड पद्धतीचे. पांझरा, मोसम व गिरणेच्या खोऱ्यांत काही शतके चालत आलेल्या या सिंचनात नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी वळवतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडतात आणि एका फडात सगळे शेतकरी एकच पीक घेतात. पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात जाते. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळतो, वाद पंच मिटवतात, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हेही सर्वजण मिळून ठरवतात. पिकांची फेरपालट, पाण्याचा ताळेबंद आणि तुटीची समान वाटणी, तिन्ही गोष्टी इथे एका व्यवस्थेत सापडतात. सिंचनाच्या अभ्यासकाने खानदेशात येऊन फड पाहिला नाही, तर त्याचा अभ्यास अपुरा राहील.

साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आज अभ्यासभेटींचे सर्वांत परिचित ठिकाण. उजाड झालेल्या डोंगरावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या कोकणा आदिवासी गावाने सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखून वाढवले. नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. झाड तोडणाऱ्याला दंड, मूल शाळेत न पाठवणाऱ्याला दंड आणि शाळेत न येणाऱ्या शिक्षकालाही दंड, असे नियम गावाने स्वतः केले. जंगल आणि शाळा एकाच नियमावलीत बसवण्यातच या गावाचे शहाणपण दिसते. २००४ पासून इथे वनभाजी महोत्सव भरतो. पाहुण्याने तिथे भाज्यांची चव घ्यावी, पण त्याआधी रांधणाऱ्या बाईला कृती विचारावी. बांबूचे कोंब चिरून उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचे, असे ती सांगेल. कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारे घटक असतात. चिरल्याने ते मोकळे होतात आणि उकळल्याने निघून जातात. रसायनशास्त्राचा हा धडा चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि शाळेच्या पुस्तकाने त्याची नोंद घ्यायला हवी.

पाणलोटाच्या कामात, म्हणजे उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी अडवण्याच्या कामात, पाहुण्याच्या हाती बहुधा ए-फ्रेम हे समपातळी शोधण्याचे साधन येते. तीन काठ्या इंग्रजी ‘ए’ अक्षरासारख्या बांधायच्या, वरच्या टोकापासून दोरीला दगड लोंबवायचा. दोन पायांची जागा अदलाबदल करून आडव्या काठीवर दोरीच्या दोन खुणा करायच्या. त्यांच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. मग एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढे फिरवत, दोरी मधल्या खुणेवर आली की चुन्याने जागा दाखवत उतारावर रेषा काढत जायचे. त्या रेषेवर खणलेला चर पावसाचे पाणी अडवतो आणि जिरवतो. सहावी-सातवीतली पोरे हे काम बिनचूक करतात, आणि भूमिती कशासाठी शिकायची हा प्रश्न पुन्हा विचारत नाहीत.

नंदुरबारमध्ये भिल्ल व पावरा समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, म्हणून इथे विज्ञानशिक्षण थेट आरोग्याशी जोडले जाते. प्राथमिक चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळीमागे छापील रेघा धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन असल्याची शंका घेऊन पुढची तपासणी करतात. आईवडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी विकाराचे जनुक असलेले) असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा समज घरोघरी भेटतो. तो धीराने दूर करणे हे कार्यकर्त्याचे खरे काम.

सातपुड्यात नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकात आदिवासी मुलांसाठी ‘जीवनशाळा’ नावाच्या शाळा सुरू केल्या. धडगाव तालुक्यातील बिलगावच्या धबधब्यावर २००३ मध्ये केरळच्या तरुण अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली, गावकऱ्यांच्या श्रमदानातून छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. पाणी किती उंचीवरून पडते आणि किती वाहते, या दोन मापांवर वीज ठरते, हे गाव प्रत्यक्ष काम करत शिकले. २००६ च्या पावसाळ्यात प्रकल्प पाण्याखाली बुडाला. ही हानी भरून निघाली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय खानदेशातील लोकविज्ञानाची नोंद प्रामाणिक होत नाही.

भेटीची वेळ गावाला विचारून ठरवावी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरात व पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसे आणि थोडी मुलेच भेटतात. होळीला माणसे परततात, पण तेव्हा सणाचा उत्साह असतो, तिथे प्रश्नावली काढू नये. चर खणण्याचे काम उन्हाळ्यात, वनभाज्या पावसात, फडाची पाळी रब्बीत पाहावी. पाहुण्याने घेतलेल्या मोजमापांची प्रत ग्रामसभेकडे ठेवावी आणि अहवाल मराठीत लिहून, जमल्यास स्थानिक बोलीत वाचून दाखवावा. पावरी किंवा अहिराणी येणारा सोबती बरोबर असेल तर बायका अधिक मोकळेपणाने बोलतात, आणि पाणी, बियाणे व औषधी वनस्पती यांची बरीचशी माहिती त्यांच्याकडेच असते.