रोमवरचे बॉम्ब आणि पोपचा पत्रव्यवहार

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने इटलीला युद्धात ओढले आणि रोमवर बॉम्ब पडणार का, या चिंतेने व्हॅटिकनला घेरले. पोप पायस बारावे जन्माने रोमचेच, शहराचे बिशपही तेच. १९२९च्या लॅटरन कराराने ४४ हेक्टरांचे व्हॅटिकन स्वतंत्र राष्ट्र झाले होते, पण भोवतालचे रोम ब्रिटन-अमेरिकेच्या लेखी शत्रूची राजधानी होते. पोपना ते अख्खे वाचवायचे होते. ब्रिटनने तशी हमी कधीच दिली नाही; उलट अथेन्स किंवा कैरोवर बॉम्ब टाकाल तर रोमची गय करणार नाही, अशी तंबी इटलीला दिली.

व्हॅटिकनमध्ये मुक्काम हलवलेले ब्रिटिश दूत डार्सी ऑस्बर्न यांनी डिसेंबर १९४२ मध्ये डायरीत लिहिले, की रोमच्या काळजीतच बुडालेल्या व्हॅटिकनने हिटलर ज्यूंचा जो संहार करतो आहे, त्याबाबतच्या आपल्या कर्तव्याचाही विचार करावा. हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

१० जुलै १९४३ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोपना लिहिले, की चर्च आणि धार्मिक संस्थांना शक्य तितका धक्का लागू देणार नाही. नवव्याच दिवशी ५००हून अधिक अमेरिकी विमाने रोमवर आली. लक्ष्य होते रेल्वे यार्ड आणि विमानतळ, कारण दक्षिणेकडची लष्करी रसद रोममधूनच जात होती. सॅन लोरेन्झो ही यार्डालगतची कामगारवस्ती. तिथली घरे कोसळली, प्राचीन बॅसिलिकेचा (मोठ्या चर्चचा) दर्शनी भाग ढासळला, माणसे तर शेकड्यांनी मेली. त्याच दुपारी पोप सहकारी मोन्तिनींसह (हेच पुढे पोप पॉल सहावे झाले) ढिगाऱ्यांपाशी पोहोचले, लोकांत उभे राहून त्यांनी मृतांसाठी प्रार्थना केली, पैसे वाटले. दुसऱ्या दिवशी रूझवेल्टना पुन्हा पत्र गेले.

१३ ऑगस्टला दुसरा हल्ला झाला आणि १४ तारखेला इटलीने रोम ‘खुले शहर’, म्हणजे लष्करी वापर नसलेले आणि म्हणून हल्ल्यातून वगळायचे शहर, जाहीर केले. दोस्त राष्ट्रांनी ते मानले नाही. सप्टेंबरात इटली शरण गेला आणि जर्मनांनी शहर ताब्यात घेतल्यावर तर मानण्याचे कारणच उरले नाही. १६ ऑक्टोबरला त्यांनी रोममधल्या ज्यूंची धरपकड केली. हजारावर माणसे आउशवित्झच्या मृत्युछावणीत गेली, परतली मोजकीच. पोपनी जाहीर निषेध केला नाही. ५ नोव्हेंबरच्या रात्री खुद्द व्हॅटिकनच्या आवारात बॉम्ब पडले. फेब्रुवारी १९४४मध्ये रोमच्या दक्षिणेला डोंगरावर असलेला मॉन्टे कॅसिनोचा मठ दोस्तांच्या बॉम्बनी जमीनदोस्त झाला. त्याच डोंगरावर चौथी भारतीय डिव्हिजन लढत होती.

४ जूनला अमेरिकी फौजा रोममध्ये शिरल्या, जर्मन शहरात न लढता मागे हटले. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर चौकात लोटलेल्या गर्दीने पोपना शहराचा रक्षणकर्ता म्हणून डोक्यावर घेतले. त्या श्रेयात जर्मनांच्या माघारीचा वाटा मोठा आहे, पण चार वर्षे चिकाटीने चाललेला पत्रव्यवहारही वाया गेला नव्हता: वैमानिकांच्या नकाशांवर वाचवायच्या वास्तू खुणा करून दाखवल्या होत्या.

१९५४च्या हेग कराराने सांस्कृतिक वारशाच्या विशेष संरक्षणाची सोय केली आणि १९६०मध्ये संपूर्ण व्हॅटिकन अशा संरक्षित स्थळांच्या नोंदवहीत चढले. अट तीच, जिच्यावर रोमची बोलणी अडली होती: जागेचा लष्करी वापर होता कामा नये.