बीफ कॅसरोल: पार्श्वभूमी

आधी शब्दाचा गुंता सोडवायला हवा. मराठी घरात ‘कॅसरोल’ म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांसमोर येतो. त्यात काही शिजत नाही. फ्रेंचमध्ये हाच शब्द आजही दांड्याच्या पातेल्याला वापरतात. ब्रिटनमध्ये कॅसरोल म्हणजे झाकण ठेवून ओव्हनमध्ये सावकाश मुरवलेलं रस्सेदार मांस. अमेरिकेत मात्र मांस, मॅकरोनी किंवा बटाटा, भाजी आणि हे सगळं धरून ठेवणारा दाट रस असं एकाच पसरट भांड्यात घालून, बहुधा उघडंच भाजलं, की झाला कॅसरोल. भांड्याचं नाव पदार्थाला मिळालं, जसं आपल्याकडे हंडीचं झालं.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात गेलात तर हाच पदार्थ ‘हॉटडिश’ होतो, आणि तिथे हा नुसता नावाचा फरक मानत नाहीत. हॉटडिश म्हणजे अख्खं जेवण: मांस, पिष्टमय काहीतरी, भाजी आणि बांधणारा रस, चारही हवेत. कॅसरोल ताटात बाजूलाही बसू शकतो. 1955 साली एका सूप कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोग-स्वयंपाकघरात जन्मलेला फरसबीचा कॅसरोल घ्या. तो आजही थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर असतो, पण त्याला कोणी हॉटडिश म्हणणार नाही. मला ही फोड पटते. ‘कॅसरोल’ भांड्याकडे बघतो, ‘हॉटडिश’ जेवणाऱ्याकडे. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर खिम्याचं जे करायचं, ते हॉटडिशच. 2011 पासून वॉशिंग्टनमधले मिनेसोटाचे लोकप्रतिनिधी याची स्पर्धाही भरवतात.

आणखी एक खुलासा. आपल्याकडे ‘बीफ’ या शब्दात म्हशी-रेड्याचं मांसही येतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे बीफ म्हणजे गाय-बैलाचंच.

मांस आणि बटाटा थरांत भाजण्याची रीत युरोपातली, जुनी. आठवड्याच्या मधल्या वारी चटकन होणारा कॅसरोल मात्र विसाव्या शतकातला. 1915 मध्ये ओव्हनमध्ये न तडकणारी काचेची भांडी बाजारात आली. रेल्वेच्या कंदिलांसाठी असल्या काचेवर आधी काम झालं होतं: आत ज्योत, बाहेर पाऊस, तरी काच शाबूत राहायला हवी होती. ज्यात भाजलं त्यातच वाढता येऊ लागलं, आणि घासायला एकच भांडं उरलं.

1930 साली मिनेसोटातल्या मँकॅटो गावच्या एका ल्युथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चच्या महिला मंडळाने पाककृतींचं पुस्तक छापलं. हॉटडिशची माहीत असलेली पहिली लिखित कृती त्यातली. खिमा, कांदा, सेलरी, डब्यातले मटार, टोमॅटो सूपचा डबा आणि मॅकरोनी, एवढंच सामान. मंदीची वर्षं होती. एक पौंड खिमा नुसता तळून वाढला तर चौघांना जेमतेम. मॅकरोनीत मिसळला की आठांना. चर्चच्या तळघरातल्या जेवणांना असली भांडी ओळीने मांडलेली असत, आणि घरी परतताना अदलाबदल होऊ नये म्हणून बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहिलेलं असे.

चार वर्षांनी, 1934 मध्ये, मशरूम सूपचा डबा आला आणि पदार्थाची चवच ठरून गेली. एरवी लोणी-मैदा परतून, थोडं थोडं दूध घालत, गुठळ्या मोडत व्हाइट सॉस करावा लागे. आता डबा उघडायचा आणि ओतायचा. मिनेसोटात या सूपाला ‘ल्युथरन बाइंडर’ (बाइंडर म्हणजे बांधून ठेवणारा) असंच नाव पडलं. ‘याने अमेरिकेचा स्वयंपाक बिघडला’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. दिवसभर राबून आलेल्या बाईची वीस मिनिटं त्यांनी हिशेबात धरलेली दिसत नाहीत.

महायुद्धात, 1943 च्या मार्चमध्ये, आधी डबाबंद पदार्थ आणि मग मांस रेशनवर गेलं. खिम्याला स्टेकपेक्षा रेशनचे कमी पॉइंट लागत, त्यामुळे तो आणखीच पुढे आला.

टेटर टॉट्स, म्हणजे बटाट्याच्या चुऱ्याच्या छोट्या गुंडाळ्या, यांचं मूळ 1953 मधलं. ऑरेगॉनमधल्या एका कारखान्यात फ्रेंच फ्राइज कापून उरलेला बटाट्याचा चुरा गुरांना जायचा. त्याच्याच या गुंडाळ्या. 1956 मध्ये त्या दुकानांत आल्या आणि मॅकरोनीची जागा घेऊन बसल्या. आज बहुतेकांच्या मनातलं चित्र तेच आहे: खाली परतलेला खिमा आणि सूप, वर अगदी रांगेत लावलेले टॉट्स, 350 अंश फॅरनहाइटला पाऊण-एक तास, कडेने बुडबुडे येईपर्यंत.

1971 मध्ये खिम्यात घालायची तयार पाकिटं आली, ती थेट तव्यावर होणारी. ओव्हनचा तो तासही काहींनी सोडला. 1993 मध्ये कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमुळे ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली, चार मुलं दगावली. आता खिमा 160 अंश फॅरनहाइटपर्यंत शिजवा, नुसत्या रंगावर जाऊ नका, असं सांगितलं जातं. खिमा आधीच परतून घेणारा हॉटडिश यात तसा सुरक्षित बाजूला राहिला.

जुन्या पुस्तकांतून करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कृतीत ‘1 डबा सूप’ लिहिलेलं असतं, वजन नसतं. तो डबा पूर्वी पावणेअकरा औंसांचा होता, आता साडेदहाचा आहे. रस कोरडा वाटला तर दोन चमचे दूध घाला.