डायनॅमो हब असला की मोबाइल चार्ज होतोच? खुलासा

‘पुढच्या चाकात डायनॅमो हब (चाकाच्या मध्यभागी बसणारं, चाक फिरलं की वीज तयार करणारं यंत्र) बसवला की मोबाइलची चिंता मिटली’, असं पुण्यातल्या सायकलवाल्यांत सर्रास ऐकू येतं. सपाटीवर हे निम्मं खरं आहे, घाटात मुळीच नाही.

हब साधारण 6 व्होल्ट, 3 वॉटचा असतो आणि ती ताकद ताशी 15 किलोमीटरच्या आसपास मिळते. वाईहून पसरणी घाट चढताना सामानासकट वेग 7-8 वर येतो. मग हबची वीज मोबाइलजोगी करणाऱ्या कन्व्हर्टरमधून 5 व्होल्ट सलग निघत नाहीत. चार्जिंग तुटतं, पुन्हा सुरू होतं आणि दर वेळी मोबाइलची स्क्रीन उजळते. पाचगणी येईपर्यंत बॅटरी उलट उतरलेली!

म्हणून मोबाइल थेट जोडूच नका, मध्ये पॉवर बँक ठेवा. मात्र काही बँका करंट तुटला की बटण दाबेपर्यंत झोपून राहतात. निघण्याआधी घरीच चाक हाताने जोरात फिरवा, थांबवा, परत फिरवा. बँकेचा दिवा आपोआप लागला पाहिजे.

सपाटीवर 5 तास म्हणजे 15 वॉट-तास, गळती वजा जाता 10-11. पाच हजार एमएएचच्या मोबाइलला सुमारे 19 लागतात. अंधार पडला की चार्जिंग काढा, सगळी वीज सायकलच्या दिव्याला द्या.