डिस्ट्रीब्युटर प्रज्वलन, जुन्या पिकअप ट्रकमधील दोषनिदान

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या पिकअप ट्रकच्या इंजिनात ठिणगी पडतच नसेल, अवेळी पडत असेल किंवा भलत्याच सिलिंडरमध्ये पडत असेल, तर दोष कुठे आहे ते क्रमाने शोधून काढण्याची रीत. बॅटरी आणि कॉइल (व्होल्ट वाढवणारे वेटोळे) वापरून ठिणगी पाडण्याची ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास विकसित केली. डिस्ट्रीब्युटर असलेले पिकअप अमेरिकेत १९९० च्या दशकातही बनत होते. मराठीत ‘पिकअप’ म्हणजे हा ट्रक, गाडीचा उठाव आणि डिस्ट्रीब्युटरमधली एक छोटी कॉइलही. ‘पिकअप गेला’ या तक्रारीवर म्हणूनच आधी ‘कुठला?’ असे विचारावे लागते.

डिस्ट्रीब्युटरकडे दोन कामे असतात. कॉइलच्या १२ व्होल्टच्या, म्हणजे प्राथमिक बाजूचा प्रवाह तो नेमक्या क्षणी तोडतो (जुन्या गाड्यांत ‘पॉइंट’ नावाच्या उघडमीट होणाऱ्या टोकांनी, नंतरच्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने) आणि त्यातून निर्माण झालेला हजारो व्होल्टचा दाब रोटर (आत फिरणारा हात) व कॅप (वरचे झाकण) यांच्यामार्फत एकेका प्लगकडे पाठवतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात त्याचा शाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे डिस्ट्रीब्युटर १ अंश फिरवला की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, क्रँकच्या २ अंशांनी सरकते. आठ सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. एवढ्या घाईत एखादा सैल जोड किंवा गंजलेले टोक लपून राहत नाही. तरीही बहुतेक वेळा आधी कार्ब्युरेटर उघडला जातो, हे दुर्दैव.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी पहिला प्रश्न एकच : कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या वायरीला ठिणगी आहे का? ती पाहण्यासाठी अर्थ केलेला स्पार्क टेस्टर वापरावा. वायर हातात धरून किंवा उघडी लोंबकळत ठेवून सेल्फ मारण्याची जुनी सवय इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जाळू शकते, आणि शेजारी पेट्रोल सांडलेले असेल तर त्याहून वाईट घडते. मधल्या वायरीला जोरदार ठिणगी आहे पण प्लगपर्यंत पोहोचत नाही, तर दोष कॅप, रोटर किंवा एचटी (प्लगकडे जाणाऱ्या जास्त व्होल्टच्या) वायरींत. ठिणगीच नसेल तर टेस्ट लॅम्पचे एक टोक अर्थला आणि दुसरे कॉइलच्या ऋण टोकाला लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला, तर प्रवाह तुटतो-जुळतो आहे आणि संशय कॉइलवर जातो. सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मॉड्यूल काम करत नाही. अजिबात पेटला नाही, तर धन टोक तपासावे. तिथे करंट नसेल तर दोष किल्लीच्या स्विचकडे किंवा वायरिंगमध्ये. तिथे असेल, तर कॉइलचे वेटोळे आतून तुटले आहे किंवा ऋण बाजू कुठेतरी अर्थ झाली आहे. चिकटलेले पॉइंट आणि पॉइंटला जोडलेला, शॉर्ट झालेला कंडेन्सर हे त्यातले नेहमीचे आरोपी.

बिघाड कोणत्या वेळी येतो, यावरून निम्मे निदान होते. सेल्फ फिरत असताना इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच बंद पडते, तेव्हा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) तुटलेला असण्याची दाट शक्यता असते. सेल्फच्या वेळी त्याला वळसा घालून कॉइलला थेट बॅटरी मिळते, किल्ली सोडल्यावर मिळत नाही. ओलसर सकाळी त्रास आणि दुपारी गाडी ठणठणीत, असे असेल तर कॅप काढून आतून उजेडात पाहावी. दोन टोकांच्या मधोमध पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, की करंट त्या वाटेने पळतो आहे. ती पुसून उपयोग नाही, कॅप बदलावी. रात्री अंधारात चालू इंजिनाच्या वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसणे, हेही त्याच घराण्यातले लक्षण. ओझे घेऊन चढावर गाडी मिस मारते पण मोकळी चालते, यामागे बहुधा दुबळे इन्सुलेशन असते. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि करंट सोपी वाट शोधतो.

गरम झाल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने मुकाट चालू होणारा ट्रक सगळ्यांत जास्त छळतो. यात बहुधा कॉइल किंवा मॉड्यूल दोषी असते. फोर्डच्या १९८० च्या दशकातील टीएफआय मॉड्यूलची बैठक थेट डिस्ट्रीब्युटरच्या अंगावर होती, त्यामुळे इंजिनाची उष्णता त्याला भोवत असे. जनरल मोटर्सची एचईआय ही इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन पद्धत १९७५ मध्ये सर्रास आली. तिच्यात पॉइंटऐवजी पिकअप कॉइल असते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनाच्या शोषणाने ठिणगीची वेळ बदलणारी डबी) तिची बैठक हलवतो तशी या कॉइलची वायर रोज वाकते आणि एक दिवस इन्सुलेशनच्या आत तुटते, बाहेरून अगदी धडधाकट दिसते. पिकअप कॉइलच्या वायरींना मल्टिमीटर लावून व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढावी. ५०० ते १,५०० ओहमच्या दरम्यान असलेला आकडा बैठक हलताच उडाला, तर चोर सापडला.

पॉइंट असलेल्या डिस्ट्रीब्युटरमध्ये गॅप, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडल्यावरचे अंतर, साधारण ०.४ मिमी असतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. कॅमवर घासणारा ठोकळा झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडते. रोटर बोटांनी आडवा ढकलून पाहिल्यावर शाफ्ट खडखडला, तर बुश (शाफ्टचे आधार) गेले आहेत. मग फिलर गेजने (अंतर मोजण्याच्या पट्टीने) कितीही काटेकोर गॅप ठेवला तरी तो टिकत नाही.

प्लगच्या वायरींचा क्रम चुकणे ही निव्वळ माणसाची चूक. शेव्हरोलेच्या जुन्या आठ सिलिंडर इंजिनात तो १-८-४-३-६-५-७-२ आहे आणि रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. ५ व ७ हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी समांतर बांधल्या, तर एकीचा करंट दुसरीत शिरतो आणि ७ मध्ये अवेळी ठिणगी पडते.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) लावण्यापूर्वी व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, अशी बहुतेक इंजिनांची सूचना असते. खुणेवर मात्र आंधळा विश्वास नको. क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डँपरची (कंप शोषणाऱ्या चाकाची) बाहेरची कडी रबरावर सरकलेली असली, तर खूण खोटे बोलते. टायमिंगची साखळी सैल असेल, तर क्रँक हाताने उलटा फिरवल्यावर रोटर काही अंश हलतच नाही.

डिस्ट्रीब्युटर बाहेर काढताना रोटरची आणि घराची जागा खुणेने नोंदवावी. गिअरचे दाते तिरके असल्याने उचलताना रोटर फिरतो. परत बसवताना अनेक इंजिनांत खाली ऑइल पंपाचा दांडा जुळावा लागतो. डिस्ट्रीब्युटर थोडा वर राहिला, तर क्लॅम्पचा बोल्ट आवळून तो खाली ओढू नये. इंजिन हाताने हळूहळू फिरवले, की दांडा जुळून तो आपसूक खाली बसतो.