अवज्ञा विकृती, विरोधी

बालक वा कुमारवयीन मुलांमधील वर्तनविकृतीचा एक प्रकार. सतत चिडचिड, मोठ्यांशी हुज्जत, सांगितलेले मुद्दाम न ऐकणे आणि डूख धरणे ही याची लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. कोल्हापूरकडे अशा पोराला ‘वांड’ किंवा ‘आगाऊ’ म्हणतात. पण हेच शब्द निव्वळ खोडकर पोरालाही लागतात, त्यामुळे आजार उशिरा लक्षात येतो.

या विकृतीच्या स्थानाविषयी मतभेद आहेत. संकल्पनेचे मूळ बहुधा १९६०च्या दशकातील अमेरिकी वर्गीकरणांत असावे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ती १९८० मध्ये ‘विरोधी विकृती’ म्हणून आली. ‘अवज्ञा’ हा शब्द १९८७ च्या सुधारित आवृत्तीत जोडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणाने मात्र तिला आचरणविकृतीचा उपप्रकार मानले. हिचे पुढचे पाऊल म्हणजे आचरणविकृतीत दिसणारी चोरी, मारामारी, क्रौर्य, असा त्यामागचा समज. पण अवज्ञा विकृती असलेली बरीच मुले त्या वाटेला जात नाहीत. ज्यांच्यात चिडचिड प्रमुख असते, त्यांच्यात पुढे नैराश्य व चिंताविकार अधिक आढळतात. म्हणून अकराव्या वर्गीकरणाने (अंमल २०२२ पासून) दिलेले स्वतंत्र स्थान अधिक ग्राह्य वाटते.

२०१३ च्या अमेरिकी निकषांनुसार आठांपैकी चार लक्षणे हवीत, आणि ती भावंडाव्यतिरिक्त निदान एका व्यक्तीशी वागताना दिसावीत. पाच वर्षांखालील मुलांत ती बहुतेक दिवशी, त्यावरील मुलांत सामान्यतः आठवड्यातून एकदा तरी दिसावी लागतात. रंकाळ्यावर भेळेसाठी एखाद्या संध्याकाळी लोळण घेणारे पोर यात बसत नाही.

मुलाचा उपजत स्वभाव आणि घरातील वागणूक या दोहोंकडे कारणे म्हणून पाहिले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी मांडलेले चक्र येथे विशेष उपयोगी पडते : आई ओरडते, पोर त्याहून मोठ्याने ओरडते, आई माघार घेते, पोर आरडाओरडा शिकते आणि आई माघार. यात दोष एकट्या आईचा नव्हे, हे घरच्यांना आवर्जून सांगावे लागते.

उपचारांत पालक-प्रशिक्षण मुख्य. या विकृतीवर खास असे औषध नाही. सोबत अवधानन्यूनता व अतिचंचलता असल्यास तिच्यावर औषध देतात. मारझोडीने वर्तन चिघळते. शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाईही आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर) मानसोपचार मिळतात. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवा) क्रमांकावर पालकांना मराठीतही बोलता येते.