पिकअपच्या टपाखालचं लाकूड

फोर्डच्या मॉडेल ए पिकअपचा टप उघडायला घेतला की आधी हाताला लागतात त्या चुका, म्हणजे बारीक खिळे. चांभाराच्या पेटीत असतात तशाच, बोटाच्या पेराएवढ्याही नाहीत. कडेच्या पट्टीखाली त्या ओळीनं ठोकलेल्या असतात आणि नव्वद-पंचाण्णव वर्षांत प्रत्येकीभोवती गंजाचं काळं वर्तुळ उमटलेलं असतं. पट्टी उचकटली की वरचं काळं मेणकापड सुटतं. त्याखाली कापसाचा थर, त्याखाली जाडंभरडं कापड, आणि मग लाकूड. निदान एके काळी तरी ते लाकूड होतं. आता पुष्कळदा अंगठा दाबला की आत जातो आणि बाहेर येतो तो तपकिरी भुसा घेऊन.

ही गाडी १९२८ ते १९३१ या काळातली. दरवाजे पत्र्याचे, पाठ पत्र्याची, बॉनेट पत्र्याचं, मग डोक्यावरच लाकूड आणि कापड का? फोर्डनं पैसे वाचवले असतील, हे चटकन सुचणारं उत्तर. ते बरोबर नाही. टपाएवढा रुंद, सलग, गुळगुळीत पत्रा तेव्हा सहजी मिळतच नव्हता.

मुळात मोटारीची बॉडी हे सुताराचं काम होतं. चौकट लाकडाची, तिच्यावर पत्र्याचं आवरण, अशी ती बग्गीची परंपरा. पुढे जनरल मोटर्सच्या बॉड्या ज्या फिशर बंधूंनी बनवल्या, त्यांचं घराणं ओहायोतल्या नॉरवॉक गावचं, घोडागाड्या बांधणारं. त्यांनी १९०८ मध्ये डेट्रॉइटला कंपनी काढली ती तीच विद्या घेऊन. लाकूड शक्यतो ॲशचं. हे झाड आपल्याकडे ओळखीचं नाही, पण अमेरिकेत बेसबॉलच्या बॅटी त्याच्याच होत. चिवट, लवचीक, वाफेवर वाकणारं आणि ठोकलेला खिळा धरून ठेवणारं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला बाभूळच लागते ना, तसंच हे. फोर्डनं तर १९२० मध्ये मिशिगनच्या उत्तर भागात तीन लाख एकरांहून जास्त जंगल विकत घेतलं आणि आयर्न माउंटनला लाकूड कापायचे, सुकवायचे कारखाने उभे केले. तिथल्या उरल्यासुरल्या लाकडाच्या कोळशाच्या वड्या पाडून विकल्या जात. अमेरिकेत आजही किंग्जफर्ड नावानं जो शेगडीचा कोळसा मिळतो, त्याचं मूळ हे.

पिकअप त्या मानानं उशिराची. फोर्डची एक टनी मालवाहू मॉडेल टीटी १९१७ मध्ये आली ती नुसती चासी म्हणून. बॉडी गिऱ्हाइकानं गावातल्या सुताराकडून बांधून घ्यायची. आपल्याला यात नवल वाटायला नको. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर ट्रकची उघडी चासी, तिच्यावर लाकडी खोक्याची सीट आणि तोंडाला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर हे दृश्य आपण कालपरवापर्यंत पाहिलंय. कारखान्यातूनच मागे हौदा लावलेली फोर्डची पिकअप विक्रीला आली ती १९२५ च्या एप्रिलमध्ये, २८१ डॉलरना. तीही उघडी. ऊन-पावसाला वर कापडी हूड, बस्स.

तिकडे मोटारींत मात्र बंद बॉडीची लाट आली होती. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहा मोटारींत एखादीच बंद असे; १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं. मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरलाही काचा आणि छप्पर हवंसं वाटू लागलं आणि १९२८ मध्ये मॉडेल ए पिकअपला बंद केबिन मिळाली. टपाचा प्रश्न उभा राहिला तो इथे.

सगळी बॉडी पोलादाची करायचं वेड खरं तर आधीच सुरू झालं होतं. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडनं डॉज बंधूंसाठी १९१४ पासून पोलादी बॉड्या केल्या, पण त्या मोटारी उघड्या, वर कापडच. बंद गाडीचा टप हा बॉडीतला सगळ्यात मोठा तुकडा. लहान पत्रे जोडून केला तर सांधे दिसणार, गळणार. शिवाय सपाट पत्रा वेगात ढोलासारखा घुमतो. त्यामुळे बाजूंना पत्रा आणि मधे लाकडी फासळ्यांवर ताणलेलं कापड, हीच तेव्हाची शहाणपणाची रीत होती. चासी पिळवटली तर लाकडाचे जोड थोडे हलत, कुरकुरत, पण तडकत नसत.

कोडं सुटलं ते पोलादाच्या कारखान्यात. जॉन टायटस यांच्या देखरेखीखाली केंटकीतल्या ॲशलंडला १९२४ मध्ये रुंद पत्रा सलग लाटत नेणारी गिरणी सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत तशा गिरण्या वाढल्या, प्रेसही अवाढव्य झाले. १९३५ च्या मॉडेलांसाठी फिशरनं एकाच पत्र्यातून दाबून काढलेला ‘टरेट टॉप’ आणला. जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले पिकअपला तो १९३६ च्या मध्यावर मिळाला. म्हणून त्या एका वर्षाच्या दोन केबिनी आहेत, जुनी उंच आणि नवी बुटकी. जुनी गाडी घेणारा माणूस साल विचारून थांबत नाही, कुठली केबिन ते विचारतो. फोर्डच्या मोटारींवर पोलादी टप यायला १९३७ उजाडलं.

यात एक गंमत झाली. कापडी टपात आधाराला कोंबड्यांच्या खुराड्याची असते तशी तारेची जाळी घालत, आणि मोटारीत रेडिओ आल्यावर तीच जाळी एरियल म्हणून वापरत. पोलादी टप आला आणि एरियलला पायफळीखाली जावं लागलं.

शेव्हरोलेचं नाव निघालं म्हणून सांगतो, दुरुस्तीला फोर्ड सोपी. तिच्यात लाकूड मुख्यतः टपात. जुन्या शेव्हरोलेत अख्खा सांगाडाच लाकडी. कापड फाटलं की पाणी फासळीत, तिथून खांबात, खांबातून खालच्या तुळईत उतरतं. टप बदलायला घेतलेला माणूस दरवाज्याच्या बिजागरीपर्यंत पोचतो. शिवडीला जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला, त्यामुळे या घराण्यातल्या गाड्या आपल्याकडेही फिरल्या. आपल्या पावसाळ्यात असल्या टपाचं काय होत असेल, वेगळं सांगायला नको.

काम करणारे सांगतात, कुजलेला तुकडा कितीही भिकार दिसला तरी फेकू नये. तोच साचा. त्याच्यावरूनच कमानीची गोलाई आणि खाचांच्या जागा काढायच्या. चौकोनी स्क्रूडायव्हरचाही नाही आणि अधिक-चिन्हाचाही नाही, साध्या एका खाचेचा स्क्रू निघाला तर लाकूड मूळचं असण्याची शक्यता आहे. अधिक-चिन्हाचा फिलिप्स स्क्रू मोटारीत आला तो १९३६ च्या कॅडिलॅकपासून. त्याआधीच्या केबिनीत तो सापडला की मधे कुणाचा तरी हात लागलाय हे नक्की.

काही जण लाकडाची कटकटच नको म्हणून चौकोनी लोखंडी पाइपाची चौकट वेल्डिंग करून बसवतात. टिकते ती, वादच नाही. पण मग मेणकापड ताणायची वेळ येते, माणूस हातोडी घेतो, तोंडात चुका धरतो, आणि ठोकायच्या कुठे ते कळत नाही. मग पाइपाला भोकं पाडून, बोल्ट लावून, कडेनं लाकडाची पट्टी बसवली जाते.