सेल : रिकाम्या कप्प्याचं नाव जिवंत पेशीला कसं चिकटलं?

मराठी घरात बॅटरी म्हणजे टॉर्च आणि तिच्यात घालायचे ते सेल. तुरुंगातली कोठडीही सेल. आर्थर रोडची ‘अंडा सेल’ तर बातम्यांमुळे सगळ्यांना माहीत झाली आहे. राजकीय पक्षाचा आयटी सेल, एक्सेलमध्ये आकडा भरायचा चौकोन, अमेरिकेतल्या भाचीचा ‘सेल नंबर’ आणि शाळेच्या पुस्तकातली पेशी, हे सगळे एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ. कपड्यांच्या दुकानावर पाटी लागते तो ‘सेल’ मात्र यांच्यातला नाही. तो विक्रीचा वेगळा शब्द. देवनागरीत दोघांचं लेखन सारखं होतं, इतकंच.

मूळ शब्द लॅटिन ‘केल्ला’. अर्थ छोटी खोली, विशेषतः धान्य, तेल, दारू ठेवायची कोठी. रोमन देवळाच्या गाभाऱ्यालाही केल्लाच म्हणत. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसाठी व्हर्जिल कवीने हाच शब्द वापरला आहे. पुढे ख्रिस्ती मठातल्या साधूची खोली आणि मग कैद्याची कोठडी, असा त्याचा प्रवास झाला. त्यामागचा धातू ‘झाकणे, लपवणे’ या अर्थाचा. इंग्रजीतले ‘सेलर’ म्हणजे तळघर आणि ‘कन्सील’ म्हणजे लपवणे हे त्याच घरातले.

याच कुळात आपली ‘शाळा’ही येते, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे नातं वरवरच्या साम्यावर बेतलेलं नाही. शंभरला संस्कृतात शत, लॅटिनमध्ये ‘केंटुम’, इंग्रजीत ‘हंड्रेड’. म्हणजे संस्कृतातल्या श च्या जागी लॅटिनमध्ये क आणि इंग्रजीत ह. आता शाला, केल्ला आणि इंग्रजी ‘हॉल’ एका ओळीत मांडून पाहा. आदल्या तीन शब्दांत दिसलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. मला स्वतःला व्युत्पत्तीतला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे अंदाजाला शिस्त असते.

कप्पा हा अर्थ बहुतेक ठिकाणी चपखल बसतो. 1800 नंतर विजेसाठी लाकडी पेट्या बनू लागल्या. त्यांत जस्त आणि तांब्याचे पत्रे उभे बसवून मधल्या फटींत आम्लाचं पाणी भरत. अशा प्रत्येक फटीला सेल म्हणणं स्वाभाविकच होतं. मोबाईलचंही तसंच. 1947 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांनी कल्पना मांडली, की शहराचे षटकोनी तुकडे पाडावेत, प्रत्येकाला वेगळा मनोरा द्यावा आणि एकमेकांना न चिकटलेल्या तुकड्यांत तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरावी. हे तुकडे म्हणजे सेल, म्हणून तो सेल फोन. एक्सप्रेसवेवरून जाताना आपलं बोलणं न तुटता एका सेलमधून दुसऱ्यात सोपवलं जातं.

हा शब्द खरा अडखळतो तो जीवशास्त्रात.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1665 मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ हे सूक्ष्मदर्शकातून केलेल्या निरीक्षणांचं पुस्तक छापलं. बुचाचं लाकूड इतकं हलकं का, दाबलं की पुन्हा उसळतं का, हा त्याचा प्रश्न होता. त्याने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली, बुचाचा अगदी पातळ पापुद्रा काढला, तो पांढरट असल्यामुळे काळ्या पट्टीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर उजेड पाडला. दिसलं ते पोळ्यासारखं जाळं. त्याने भोकं मोजली आणि हिशेब केला : एका घन इंचात सुमारे 120 कोटी. या भोकांना त्याने सेल म्हटलं. मठातल्या खोल्या आठवून हे नाव दिलं, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. पण हूकने स्वतः तुलना केली आहे ती मधाच्या पोळ्याशी.

हूकला जे दिसलं ते पेशींचे सांगाडे होते. बुचाच्या पेशी मेलेल्या असतात, आत फक्त हवा. ताज्या वनस्पतींत हे कप्पे रसाने भरलेले असतात हेही त्याने पाहिलं होतं, पण नाव कप्प्याला मिळालं आणि पुढची दीडशे वर्षं लक्ष भिंतींवरच राहिलं. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊनने केंद्रकाला नाव दिलं. 1838 मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि 1839 मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं, की सगळं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पण प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींसारखी भिंतच नसते! शेवटी 1861 मध्ये माक्स शुल्त्से या जर्मन शास्त्रज्ञाने व्याख्याच फिरवली : पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा. खोली बाजूला राहिली, खोलीतला ऐवज महत्त्वाचा ठरला. नाव मात्र तेच.

मराठीने घेतलेला ‘पेशी’ शब्द इथे मला जास्त योग्य वाटतो. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसपेशी, आणि शरीरात त्या 500 असल्याचं म्हटलं आहे. म्हणजे शब्द मुळात स्नायूंचा, पण भर भरीव मांसावर. हिंदीने ‘कोशिका’ घेतली, ती पुन्हा कोशाकडे, कप्प्याकडे जाते.

शाळेत पेशी पहिल्यांदा दिसते ती बहुधा कांद्याच्या पापुद्र्यात. आयोडीनचा थेंब टाकला की विटांच्या भिंतीसारख्या रेषा ठळक उमटतात आणि पेशी म्हणजे चौकट हे मनात पक्कं बसतं. त्याच तासाला गालाच्या आतल्या बाजूचा ओरखडा मिथिलीन ब्लूमध्ये बुडवून शेजारी ठेवावा. तिथे वेड्यावाकड्या कडेची, जराशी दुमडलेली पेशी दिसते आणि मधोमध निळं केंद्रक. तिला आवरून धरणारं पटल जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाडीचं असतं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ते सुटं दिसतच नाही.